इलेक्ट्रिक कार घ्यायची का? शोरूमला जायच्या आधी घरचं मीटर बघा (लातूर-निलंगा अपडाऊनचे 14 महिने)

"सर, ती करंटवरची गाडी परवडायली का?" हे मला आतापर्यंत टपरीवर विचारलंय, स्टाफरूममध्ये विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर मयतीला गेलो होतो तिथं तिरडी बांधेपर्यंत एकानं कोपऱ्यात घेऊन विचारलं. तोंडी सांगून सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. राहायला लातूर, नोकरी निलंग्याच्या ज्युनिअर कॉलेजात, अकाउंट्स शिकवतो. औशावरून जाऊन-येऊन रोजचे शंभरेक किलोमीटर, शिवाय रविवारी कुठंतरी. घर स्वतःचं, बैठं, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये मीटरची पेटी. ही शेवटची ओळ नीट वाचा कारण सगळा खेळ तिच्यावरच आहे. गाडी छोटी एसयूव्ही, 35 युनिटची बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाव घेतलं की माणसं गाडीचं सोडून कंपनीवर भांडत बसतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे. 14 महिन्यांत 31 हजार किलोमीटर झालेत. अकाउंट्सवाला माणूस असल्यामुळं पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय, बायको हसते पण ठेवलीय.

लोक पहिला प्रश्न विचारतात रेंजचा. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" हा प्रश्न चुकीचा नाही पण पहिला नाही. पहिला प्रश्न असा की गाडी रात्री झोपते कुठं. तुमच्या दारात झोपते का, दारात तुमचा स्वतःचा प्लग आहे का. असेल तर रोज सकाळी टाकी फुल असते, मग अडीचशे किलोमीटर जाते का तीनशे यानं काही फरक पडत नाही कारण रोज तुम्ही शंभरच जाताय. नसेल तर पाचशे किलोमीटरची गाडी घ्या, तरी डोक्याला ताप.

आणि खरं सांगू का, आम्हा लातूरकरांना ही सवय वेगळी शिकवावी लागत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत, टाकीत किती उरलंय, आज कुणाची अंघोळ, टँकर कधी येणार, हे हिशोब आमच्या हाडात मुरलेत. बॅटरी म्हणजे तीच टाकी. माझी आई तर गाडी दारात लागली की विचारते "भरायला लावलीस का?" तिला प्लग, युनिट, किलोवॅट काही माहीत नाही पण मुद्दा बरोबर कळलाय.

मी गाडीबरोबर आलेला 15 अँपिअरचा चार्जर वापरतो, 3.3 किलोवॅटचा. रोजच्या शंभर किलोमीटरला भिंतीतून साधारण 15 युनिट लागतात, म्हणजे साडेचार-पाच तास. रात्री दहाला लावायची, तीनच्या आसपास भरलेली असते. मधी लाइट गेली आणि आली की आपोआप परत सुरू होते. मोठा 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, घ्यायची गरज मला कधी पडली नाही, शोरूमवाले मागं लागतात, पण तो बसवायचा म्हणजे मंजूर भार (महावितरणनं मीटरला मंजूर केलेले किलोवॅट) वाढवायचा, मीटरपासून जाड केबल ओढायची, तो खर्च वेगळा. रोज दोन-अडीचशे किलोमीटर पळणार असाल तरच त्याच्या नादी लागा.

आता अर्थिंग. हे मला शोरूममध्ये कुणीच सांगितलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो, नीट नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो, करंटच घेत नाही. माझ्या घरचं अर्थिंग 20 वर्षांपूर्वीचं, हिवाळ्यात गाडी घेतली तेव्हा मस्त चाललं आणि मार्चच्या शेवटाला एका रात्री लाल दिवा. मला वाटलं चार्जर गेला. वायरमनला बोलावलं, त्यानं मीटर लावून बघितलं आणि म्हणाला "सर, गाडीला काई झालं नाही, तुमचा खड्डा वाळलाय." अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली होती! बादलीभर पाणी ओतलं, अर्ध्या तासात हिरवा दिवा. नंतर नवीन खड्डा घेऊन केमिकल अर्थिंग करून घेतलं. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कशी भेगाळते ते माहितीय, तर गाडी बुक करायच्या आधी वायरमनला 200 रुपये द्या आणि अर्थिंग, वायरिंग, 15 अँपिअरचा सॉकेट हे तिन्ही तपासून घ्या. स्वस्तातला सॉकेट तर अजिबात नको, पाच तास सलग लोड घेतला की वितळतो, माझ्या मेहुण्याचा वितळलाय.

चला, आता बिलाकडं. सेल्समन म्हणाला होता "सर, एक रुपया किलोमीटर". तो खोटं बोलत नव्हता पण अर्धवट बोलत होता. त्यानं हिशोब केला सहा-सात रुपये युनिटनं. महावितरणचं घरगुती बिल तसं नसतं हे आपल्याला माहीत असून आपण विसरतो. पहिल्या 100 युनिटचा दर वेगळा, 101 ते 300 चा वेगळा, 301 ते 500 चा वेगळा आणि त्याच्या वर आणखी वेगळा. मी गाडी घेतली तेव्हाच्या दरानं पहिले शंभर युनिट 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 ला 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 ला 14 रुपये 55 पैसे. वरून वहन आकार युनिटला 1 रुपया 17 पैसे, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. आमच्या घरात आधी महिन्याला 160 युनिट जळायचे, बिल सोळाशेच्या आसपास. गाडीचे युनिट त्याच्या वर चढतात, म्हणजे स्वस्तातले शंभर युनिट तर फ्रीज-पंखे-टीव्हीनंच खाल्लेले असतात, गाडीच्या वाट्याला सगळा महागाचा माल. कॉलेज पूर्ण चालू असलेल्या पहिल्या महिन्यात 2,600 किलोमीटर झाले, गाडीनं 390 युनिट घेतले, आणि बिल आलं 8,200. बायकोनं ते बिल देवघरापुढं ठेवलं. काही बोलली नाही, नुसतं ठेवलं.

आता त्याच बिलाचा हिशोब थंड डोक्यानं करू. गाडीमुळं वाढले साधारण साडेसहा हजार, भागिले 2,600, म्हणजे अडीच रुपये किलोमीटर. एक रुपया नाही, अडीच रुपये. पण त्याच मापाची पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला 17 देते असं धरलं आणि पेट्रोल 105 धरलं तर किलोमीटरला सहा रुपये वीस पैसे होतात, महिन्याचे 16 हजार. म्हणजे एवढं भीतीदायक बिल येऊनसुद्धा साडेनऊ हजार वाचले. हे कागदावर मांडून दाखवल्यावर बिल देवघरातून कपाटात गेलं.

चौथ्या महिन्यात छतावर सोलर बसवलं, 3 किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, ती वजा जाऊन मला सव्वा लाखाच्या आत पडलं. लातूरच्या उन्हात 3 किलोवॅटला दिवसाला 12 युनिटच्या आसपास येतात, पावसाळ्यात कमी. नेट मीटरिंग असल्यामुळं दिवसा गाडी निलंग्यात उभी असली तरी अडचण नाही, दुपारचे युनिट लाइनीत जातात, रात्री आपण वापरतो, बिलात वजावट होते. आता बिल येतं बावीसशेच्या आसपास, गाडीसकट! म्हणजे गाडीचा महिन्याचा खर्च पाच-सहाशे रुपये. 43 डिग्रीचं ऊन इतकी वर्षं नुसतं डोक्यावर घेत होतो, पहिल्यांदा कामाला आलं.

हे वाचून लगेच बुकिंग करू नका, कारण यात एक मेख आहे. ही सगळी बचत पळण्यातून येते, उभं राहण्यातून नाही. माझ्या वेळी त्याच मापाची पेट्रोल ऑटोमॅटिक आणि ही यात ऑन-रोड पावणेतीन लाखांचा फरक होता. इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के, आपल्या राज्यात रोड टॅक्स माफ, थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये सूट, हे सगळं धरूनसुद्धा एवढा फरक. (बरेच जण विचारतात सबसिडी किती मिळाली. माझ्या वेळी केंद्राची सबसिडी खासगी कारला नव्हती, ती दुचाकी, रिक्षा, बस यांना होती.) त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला, म्हणजे आज घेणाऱ्याला पेट्रोल गाडी आणखी स्वस्त दिसणार. सोलर बाजूला ठेवलं तरी मी महिन्याला साडेनऊ हजार वाचवतो, तर फरक अडीच वर्षांत निघतो. माझ्याच गल्लीतले एक निवृत्त साहेब, गाडी फक्त भाजी, बँक, दवाखाना आणि महिन्यातून एकदा तुळजापूर, सगळं मिळून 500 किलोमीटर. त्यांचा हिशोब मी त्यांच्याच ओट्यावर बसून केला, महिन्याला दोन हजार वाचतात, फरक निघायला अकरा वर्षं. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांची 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. त्यांना मी सरळ म्हणालो, काका, तुम्ही पेट्रोलचीच घ्या. माझा अंदाज असा की महिन्याला हजार किलोमीटरच्या खाली फिरणं असेल तर नुसत्या बचतीसाठी इलेक्ट्रिक घेण्यात अर्थ नाही, हौस असेल तर गोष्ट वेगळी, हौसेला मोल नसतं.

बॅटरी भाड्यानं घ्यायची स्कीम पण विचारतात. 2024 ला एमजी कंपनीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा 9 लाख 99 हजारात गाडी आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये असं होतं. किंमत बघून मलाही मोह झाला होता. पण माझ्या अपडाऊनला साडेतीन रुपये भाडं आणि सोलर नसताना अडीच रुपयांची लाइट, झाले सहा रुपये, म्हणजे पेट्रोलच की. जास्त पळणाऱ्याला ही स्कीम नाही, ज्याला सुरुवातीला पैसे कमी घालायचेत त्याला आहे.

रेंज. कंपनीच्या कागदावर चारशेच्या वर आहे. तो आकडा टेस्टिंगचा असतो, तिथं ना औशाचा सिग्नल, ना मागच्या सीटवर तीन प्राध्यापक. माझ्या वहीप्रमाणं डिसेंबर-जानेवारीत 275-280, एप्रिल-मे मध्ये एसी फुल ठेवून 240. स्पीडचा फरक उन्हापेक्षा मोठा आहे हे मला उशिरा कळलं, 80 नं चालवली की ती शहाण्यासारखी वागते, 100 च्या वर नेली की टक्के असे पडतात जसं फुटक्या माठातून पाणी. समृद्धीवर 120 ची परवानगी आहे म्हणून 120 नं पळवलीत तर दोनशेचाच हिशोब धरा. उन्हाळ्यात एक युक्ती आहे, निघायच्या दहा मिनिटं आधी प्लग लावलेला असतानाच मोबाईलवरून एसी चालू करायचा, म्हणजे आतली भट्टी घरच्या लाइटवर थंड होते, बॅटरी खर्च होत नाही. कॉलेजात मात्र लिंबाच्या झाडाखालची जागा मिळवण्यासाठी मी आता अर्धा तास लवकर जातो, प्राचार्यांना वाटतं मला शिस्त लागलीय.

लांबचा प्रवास. इथं मी मोकळ्या मनानं सांगतो, या गाडीनं माझी एकदा चांगलीच फजिती केलीय, खरं तर गाडीनं नाही.

एप्रिलच्या शेवटी छत्रपती संभाजीनगरला मामेभावाचं लग्न, मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटं. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. गाडीत पाच जण, डिक्कीत आहेराच्या पिशव्या, पुढं आत्या. पहाटे पाचला 100 टक्के घेऊन निघालो, बीडच्या अलीकडं एका पंपावर फास्ट चार्जर आहे, ॲपवर हिरवा दिसत होता, तिथं पाऊण तास चहा-नाश्ता करायचा असा बेत. मांजरसुंब्याचा घाट उतरताना तर गाडीनं उलट दीड टक्का भरून घेतला, मी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं दाखवला. सव्वाआठला पंपावर, 36 टक्के. चार्जर बंद. ॲपवर हिरवा, समोर काळी स्क्रीन. पंपावरचं पोरगं म्हणालं "तीन दिस झाले बंदच हाय, त्येंची मानसं येईनात". कॉल सेंटरला फोन लावला तर तिकडून "सर मशिन रीस्टार्ट करून बघा", अर्धा तास त्यात. मग बीड गावात दुसऱ्या कंपनीचा शोधला, त्याचं ॲप वेगळं, त्यात परत 500 रुपये भरा (पहिल्या ॲपमधले 500 आजपर्यंत तिथंच आहेत), तिथं गन एकच आणि एक गाडी आधीच लागलेली. आत्या म्हणाली, "कामून थांबलाव रं? पेट्रोल टाकून घे की थोडं." तिला समजावण्यात वेळ बरा गेला. आमचा नंबर साडेनऊच्या पुढं लागला, 85 टक्क्यांपर्यंत घेऊन निघालो तर साडेदहा. लग्नाला पोचलो एकला. अक्षता हुकल्या, पंगत सापडली. मामानं आजवर तीनदा टोमणा मारलाय.

त्या दिवसापासून माझे नियम ठरलेत. एक तर ॲपवरच्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास नाही, निघायच्या आदल्या दिवशी पंपावर किंवा हॉटेलात फोन करून विचारतो, चालू आहे का हो. आणि चार्जर जिथं आहे तिथं बॅटरी इतकी उरलेली पाहिजे की तो बंद निघाला तर पुढचा गाठता यावा. 80 टक्क्यांच्या पुढं फास्ट चार्जरवर बसायचं नाही, तिथून पुढं ती गोगलगायीसारखी भरते आणि मागं माणूस थांबलेला असतो. पैशाचं म्हणाल तर बाहेर युनिटला माझ्याकडून 20 ते 25 रुपये गेलेत, म्हणजे लांबच्या प्रवासात बचत थोडकीच, वेळ मात्र तासाभरानं जास्त धरायचाच. येताना तोच घाट चढताना, उतरताना मिळालेला दीड टक्का व्याजासकट परत गेला हे सांगायचं राहिलं.

गावाकडचं वेगळं. सासरवाडी अहमदपूर तालुक्यात, तिथं दिवाळीला मुक्काम केला. संध्याकाळी सगळ्या गावात लाइटी लागल्या की व्होल्टेज इतकं पडतं की पंखा हातानं फिरवावा वाटतो. वाड्यात अर्थिंग नावालाच. गाडी लावली, लाल दिवा. रात्री अकरानंतर व्होल्टेज आलं तरी अर्थिंगमुळं घेईना, शेवटी मेहुण्यानं शेजारच्या नव्या बांधकामातून, जिथं अर्थिंग चांगलं होतं, वायर ओढून दिली. दुसऱ्या दिवशी डीपी जळाली, आमच्या गाडीमुळं नाही, पण गावानं ते आमच्याच नावावर लावलं. तात्पर्य काढायचं तर तुम्हीच काढा, मी एवढंच म्हणतो की ज्याचं घर खेड्यात आहे आणि रात्री लाइटीचा भरवसा नाही त्यानं दुसरी गाडी म्हणून घ्यावी, एकुलती एक म्हणून नको.

माझा एक मित्र औषध कंपनीत एमआर आहे, आज नांदेड, उद्या परभणी, परवा धाराशिव, दिवसाला कधी 80 कधी 350, रात्री लॉजवर. माझी गाडी बघून त्याला पण घ्यायची होती. मी त्याला सात दिवस वही लिहायला लावली, कुठून निघालास, किती फिरलास, रात्री गाडी कुठं लावलीस. सातपैकी चार रात्री लॉजच्या बाहेर रस्त्यावर. विषय संपला, त्यानं पेट्रोलचीच घेतली. पुण्याला चुलतभावाची अडचण वेगळीच, फ्लॅट, पार्किंग दुसऱ्या मजल्याखाली, मीटर तिसरीकडं, आणि सोसायटीची मिटिंग दर वेळी कोरमअभावी तहकूब. उलट लातूरमधले एक डॉक्टर, बंगला, छतावर सोलर, दवाखाना चार किलोमीटरवर पण रोज उदगीरला ओपीडी, त्यांना मी डोळे झाकून घ्या म्हणालो. तुम्हीसुद्धा ती सात दिवसांची वही लिहून बघा, टेस्ट ड्राइव्हपेक्षा जास्त कळतं.

बाकी बारीकसारीक. सर्व्हिसिंगला खर्च नाहीच म्हणा, इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेक पॅड 31 हजारावरही चांगले आहेत कारण पाय उचलला की मोटरच गाडी रोखते. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड आणि पिकअप जोरात, त्यामुळं. पाण्याचं विचारतात, बॅटरी आयपी-67 असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी टेस्ट केलेली, पण म्हणून वाहत्या पुलावर घालायची नसते, कुठलीच गाडी घालायची नसते. आणि एक विचित्र अनुभव, एकदा सकाळी गाडी चालूच होईना, मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली आणि गाडी मेलेली. कारण या गाड्यांत साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, सगळी डोकी तिच्यावर चालतात, ती उतरली की मोठी असून नसल्यासारखी. सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिकचं शिकलेलं पोरगं एकच, तो त्या दिवशी सुट्टीवर. शेवटी शेजाऱ्याच्या जुन्या जीपवरून केबल लावून जंपस्टार्ट केली. डिझेलच्या जीपनं इलेक्ट्रिक गाडी चालू केली, फोटो आहे माझ्याकडं.

आवाज नाही हे सुख पण आहे आणि धोका पण. औशाच्या बाजारात म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात, त्यांना मागं गाडी आहे हे कळतच नाही, हॉर्न वाजवला की दचकून शिव्या. आता मी काच खाली करून "बाजूला व्हा आजोबा" म्हणतो, ते बरं पडतं. कुत्री मात्र पहिल्या महिन्यात मागं लागायची थांबली, त्यांना बहुतेक ही गाडी वाटतच नाही.

आणि अपडाऊनच्या मंडळींचं सांगितलंच पाहिजे. पूर्वी पेट्रोलच्या गाडीत आम्ही चौघं, तिघं जण पेट्रोलला रोजचे शंभर-शंभर द्यायचे. इलेक्ट्रिक आली तशी दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीचे सर म्हणाले, "आता कशाचे पैसे हो सर, करंटवरच तर चालते." सोलर बसवल्यावर तर "सूर्यनारायणाचे पण पैसे घेता का?" सुरू झालं. हप्ता सूर्यनारायण भरत नाही, तो माझ्या पगारातून जातो, हे मी स्टाफरूममध्ये फळ्यावर घसाऱ्यासकट मांडून दाखवलं, मग सत्तर रुपयांवर तोड निघाली. गाडी घ्यायच्या हिशोबात हे तीस रुपये गुणिले तीन धरायला मी विसरलो होतो.

परवा पलीकडच्या गल्लीतले आण्णा आले. अंबाजोगाईला रोज जातात, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आत, घर स्वतःचं, शेड आहे, छत मोकळं, पैशाची अडचण नाही. माझ्यापेक्षाही त्यांना ही गाडी जास्त बसते. रंगसुद्धा ठरवून आले होते. मी म्हणालो, आण्णा, लाइट बिल घेऊन या. बिल आणलं. मीटर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मंजूर भार एक किलोवॅट. म्हणजे सोलरचा अर्ज नाही, सबसिडी नाही, भार वाढवायचा तर आधी नाव बदला, नाव बदलायचं तर वारसाची कागदपत्रं, आणि त्यावर तीन भावांच्या सह्या, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

आण्णा बराच वेळ बिलाकडं बघत बसले, मग म्हणाले, "गाडी राहू द्या, आधी मधल्याला फोन लावून बघतो."